रशियात एमबीबीएसला चाललोय आणि शाकाहारी आहे. तिथल्या पाकिटांवरचं रशियन वाचायला कसं शिकू?

भाषा नंतर, आधी अक्षरं शिका. एकूण 33 आहेत. निघण्याआधी रोज थोडा वेळ दिलात तरी पाकिटं वाचण्याइतकी येतील. फोनवर विसंबू नका, चकचकीत पिशवीवरच्या बारीक छपाईपुढे कॅमेरा हमखास गोंधळतो.

नवखी अक्षरं पटकन लक्षात राहतात, फसवतात ती इंग्रजीसारखी दिसणारी. पी दिसला तर 'र' वाचायचं, सी म्हणजे 'स', एच म्हणजे 'न', बी म्हणजे 'व', वाय म्हणजे 'उ' आणि एक्स म्हणजे 'ख'. सी-ए-एक्स-ए-पी असं दिसलं की वाचा 'साखार'. आपली साखरच ती.

मग पाकीट उलटं करून 'सोस्ताव' हा शब्द शोधा. त्याच्यापुढे सगळे घटक असतात, ज्याचं वजन जास्त तो आधी. 'गोव्यादिना' म्हणजे गोमांस, 'स्विनिना' डुकराचं मांस, 'कुरित्सा' कोंबडी, 'रीबा' मासा, 'याइत्सो' अंडं. ही नावं पाठ हवीतच, पण शाकाहारी माणूस खरा अडकतो तो 'झिर'पाशी. झिर म्हणजे स्निग्ध पदार्थ, मग तो कुठलाही असो. म्हणून त्याच्या आधीचा शब्द वाचल्याशिवाय पाकीट टोपलीत टाकू नका. 'रास्तीतेल्नी' असेल तर वनस्पतीचा, 'गोव्याझी' असेल तर गाईबैलाची चरबी. बिस्किटं, नूडल्स घेताना हे बघाच. जेलीच्या गोळ्यांत 'झेलातिन' असू शकतं. चीजवर 'सिचूझ्नी' दिसलं तर ते वासराच्या जठरातल्या विकराने विरजलेलं असतं. 'मिक्रोब'ने सुरू होणारा शब्द असेल तर घ्यायला हरकत नाही.

एक शब्द मात्र तुमच्या फार कामाचा आहे, 'पोस्तनी'. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. त्यांच्यासाठीच्या पदार्थांवर हा शब्द असतो. तरी सोस्ताव वाचायचंच.

'मास्लो' म्हणजे तेलही आणि लोणीही: सूर्यफुलाचं तेल 'पोदसोल्नेच्नोये', लोणी 'स्लिवोच्नोये'. 'गोदेन दो'पुढची तारीख मुदत संपण्याची, आपल्यासारखीच आधी दिवस मग महिना. दुधावर 3,2% म्हणजे 3.2 टक्के फॅट. दशांश चिन्हाच्या जागी ते स्वल्पविराम देतात.

तिरप्या छपाईतली लहान अक्षरं वेगळी दिसतात, 'त' तर चक्क इंग्रजी एमसारखा. त्यांचा तक्ता वेगळा काढून ठेवा.