खांद्याच्या टेंडनला 'पार्शियल टिअर' आहे. ऑपरेशन करावंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की वय ४९, एमआरआयमध्ये सुप्रास्पायनॅटस (हात बाजूने उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा टेंडन) अर्धवट फाटलेला, पडल्याचं काही निमित्त नाही आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीखही मिळालीय. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण असाच रिपोर्ट घेऊन दीड वर्ष काढलंय.

माझा उजवा खांदा. हात बाजूने वर नेला की खांद्याच्या उंचीला सणक यायची, आणखी वर गेला की कमी व्हायची. ब्लाउजचे मागचे हुक लेक लावून द्यायची. त्या कुशीवर झोप नाहीच.

पहिल्या डॉक्टरांनी खांद्याला हातही न लावता, नुसती फिल्म बघून ऑपरेशन सांगितलं. दुसऱ्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि माझा हात दाबून धरून "आता उचला" म्हणाले. दुखलं, पण ताकद शाबूत होती. टेंडनची जाडी १०-१२ मिलिमीटर असते, तुमचं निम्म्याहून बरंच कमी फाटलंय, तेव्हा आधी तीन ते सहा महिने व्यायाम, असं ते म्हणाले. साठीपुढच्या कितीतरी जणांचे टेंडन असे फाटलेले असतात आणि त्यांना पत्ताही नसतो, हेही तेव्हाच कळलं. तुमचं किती मिलिमीटर आणि कुठल्या बाजूने फाटलंय, ते तुम्हीही विचारून घ्या.

व्यायाम दिसायला अगदी किरकोळ. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधायचा, कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडीच्या मध्ये नॅपकिनची गुंडाळी, आणि पंजा सावकाश बाहेर न्यायचा. गुंडाळी पडली की समजायचं, हात चुकला. माझी सारखी पडायची. त्यात घाई करून मी तिसऱ्याच आठवड्यात पिवळ्या पट्ट्यावरून जास्त ताणाच्या लालवर गेले आणि चार दिवस ठणकत बसले. फिजिओचा हिशोब सोपा होता: करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल तर जास्त झालं.

स्टिरॉइडचं इंजेक्शन एकदा घेतलं. काही आठवडे आराम पडला, त्या काळात व्यायाम नीट झाला. पण मला मधुमेह आहे, चार-पाच दिवस साखर चांगलीच चढली होती. शिवाय पुन्हा पुन्हा घेतलं तर टेंडन कमजोर होतो. पीआरपीचंही (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) एकाने सुचवलं होतं. खर्च मोठा आणि फायद्याबद्दल डॉक्टरांमध्येच एकमत नाही, म्हणून सोडून दिलं. मधुमेह असेल तर हात झोळीत बांधून ठेवू नका, खांदा आखडतो. रात्री उताणं झोपून कोपराखाली उशी घ्या, पहिला फरक मला तिथे पडला.

मात्र पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, ताकद कमी होत चालली किंवा जाडीच्या निम्म्याहून जास्त फाटलं असेल, तर सर्जनला लवकर भेटा. टाके घातल्यावरही चार-सहा आठवडे झोळी आणि पुढे काही महिने हाच पट्टा असतो.

मला साधारण पाचव्या महिन्यात फरक जाणवला. एमआरआय परत केला नाही, डॉक्टर म्हणाले गरज नाही. हुक आता माझे मी लावते. फळ्याच्या वरच्या ओळीसाठी मात्र अजूनही शेवटच्या बाकावरच्या उंच मुलीला उठवते.