दूध बंद करू का, ताई?

"ताई, आमच्या घरात आता दूधच येत नाही," खुर्चीत नीट टेकायच्या आत काकूंनी सांगून टाकलं. नजर माझ्याकडे नव्हती, काकांकडे होती. काका पिशवीतून फाइल काढण्यात उगाचच गुंतले होते.

बडोद्यात, त्यातून दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरात, दूध बंद होणं ही साधी गोष्ट नाही. अमूल डेअरीचं आणंद इथून तासाभराच्या वाटेवर. दुपारच्या जेवणावर छास हवीच, मग घर मराठी असो की गुजराती. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून काका रोज पहाटे चालत जाऊन दोन पिशव्या आणायचे, वाटेत चार जणांशी बोलायचे. दुधाबरोबर ते चालणंही थांबलं आणि बोलणंही. सासूबाईंच्या काळापासून घरात चालत आलेलं विरजणही संपलं.

काकूंचं वय 57. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) डाव्या स्तनातली गाठ शस्त्रक्रियेने काढलेली, केमोचे तीन डोस झालेले. वजन 61 किलोवरून 55 वर आलेलं. मी समुपदेशक, आहारतज्ज्ञ नव्हे. पण आमच्या आहारतज्ज्ञ बाई आठवड्यातून दोनच दिवस येतात आणि 'काय खाऊ?' हा प्रश्न सातही दिवस असतो. डॉक्टरांनी कागदावर एवढंच लिहिलं होतं: जेवण कमी, बोलून पाहा.

दूध बंद होण्यामागे कॅनडातला मुलगा होता. त्याने एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात जेन प्लँट या ब्रिटिश भूरसायनशास्त्रज्ञ बाईंची गोष्ट होती. त्यांना 1987 मध्ये स्तनाचा कर्करोग झाला, तो पुन्हा उलटला, शेवटी त्यांनी दुधाचे सगळे पदार्थ सोडले आणि मानेतली गाठ विरली. गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. पण गाठ विरत होती तेव्हा त्यांची केमोही चालू होती, हे व्हिडिओने सांगितलं नव्हतं. खाली मुलाने लिहिलं होतं, 'आई, प्लीज.' सातासमुद्रापलीकडून पोराने दुसरं करावं तरी काय?

पहिल्या भेटीत चूक माझी झाली. प्रश्न दुधाचा आहे असं समजून मी दुधाचंच उत्तर देत बसले.

ते उत्तर इथेही सांगते, कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. दुधामुळे स्तनाचा कर्करोग होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. जागतिक कर्करोग संशोधन निधीने जगभरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पाळी जाण्याआधीच्या वयात दुग्धपदार्थांमुळे धोका थोडा कमी होत असावा, असा उलट दिशेचा आणि तोही कच्चा इशारा मिळाला. मग 2020 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या 50 हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास आला. जवळजवळ आठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. त्यात जास्त दूध पिणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त दिसला, पण दही आणि चीज यांचा संबंध दिसला नाही. असे अभ्यास कोण काय खातं आणि कुणाला काय होतं याची नोंद ठेवतात. एकामुळेच दुसरं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. आजार झाल्यानंतरचं म्हणाल तर 2013 च्या एका अमेरिकन अभ्यासात भरपूर स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ रोज खाणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यू जास्त दिसले, कमी स्निग्धांशाचे खाणाऱ्यांत तसं दिसलं नाही. म्हणून माझं आपलं साधं मत असं: वाटीभर दही, ग्लासभर ताक, कपभर दूध यांना घाबरायचं कारण नाही, पण 'ताकद यायला हवी' म्हणून रोज बासुंदी आणि तुपातला शिराही नको. पिशवी घेताना 6 टक्के स्निग्धांशाच्या फुल क्रीमऐवजी 3 टक्क्यांचं टोन्ड घ्यावं. प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्हींत जवळजवळ तितकंच असतं.

काकांनी मध्येच विचारलं, "आणि म्हशींना इंजेक्शनं टोचतात, त्याचं काय?" पान्हा सोडवायला ऑक्सिटोसिन टोचतात ते. टोचणं वाईटच, पण ते त्या मुक्या जनावरासाठी. ऑक्सिटोसिन म्हणजे प्रथिनाचाच छोटा तुकडा, आपल्या पोटात गेला की पचून जातो.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं." इतकी वर्षं हे काम करून या 'बरं'चा अर्थ मला कळायला हवा होता. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा वजन 54.

या वेळी बोलायला मी त्यांनाच लावलं. दिवसभरात काय खाता, एवढंच विचारलं. सकाळी शहाळ्याचं पाणी, दुपारी मऊ भात नि पातळ वरण, संध्याकाळी मोसंबीचा रस, रात्री साबुदाण्याची पेज. दूध, दही, ताक, पनीर सगळं गेलेलं. अंडं या घरात कधी नव्हतंच. आणि 'हार्मोन असतात' म्हणून सोयाबीनही काढून टाकलेलं. केमो चालू असताना दर किलो वजनामागे एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे काकूंना किमान 54 ग्रॅम. त्यांच्या ताटात वीससुद्धा नसतील. शाकाहारी माणसाने दूध सोडलं की ताटातून काय काय उठून जातं, हे व्हिडिओ बनवणाऱ्यांच्या गावीही नसतं. सोयाबीनची भीती तर अगदीच उलटी. शांघायमध्ये या आजारातून गेलेल्या 5,000 बायकांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोया खाणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमीच होतं.

मग काकू हळूच म्हणाल्या, "पण ताई, मला दूध बाधलं ना. दुसऱ्या डोसनंतर प्यायले, तर पोट असं काही बिघडलं! तेव्हाच मला कळलं, मुलगा खरं बोलतोय."

म्हणजे व्हिडिओ नुसतं सांगत होता, साक्ष पोटाने दिली होती. केमोमुळे आतड्याचं आतलं अस्तर दुखावतं. दुधातली साखर पचवणारं द्रव्य तिथेच तयार होतं, त्यामुळे जुलाब झाल्यावर काही दिवस किंवा काही आठवडे दूध पचत नाही. गॅस, मुरडा, पुन्हा जुलाब. त्याचा कर्करोगाशी काही संबंध नाही, आणि अस्तर भरून आलं की बहुतेकांना दूध पुन्हा चालतं. दह्या-ताकात ती साखर आंबण्यात थोडी कमी झालेली असते आणि उरलेली पचवायला विरजणातले जंतू मदत करतात, म्हणून ते आधी सोसतं. हे ऐकून काकू पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या. "म्हणजे माझं पोट खोटं बोललं?" मी म्हटलं, पोट खरंच बोललं हो, आपण अर्थ भलता लावला.

आहारतज्ज्ञ बाईंनी मग घट्ट वरण, मुगाचं धिरडं, शेंगदाण्याची चटणी, घरचं पनीर असं ताट बांधून दिलं. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरल्या असतील त्या दिवसांत कच्चं दूध, बाजारातलं सुटं पनीर आणि उघड्यावरची मिठाई नाही; दूध उकळलेलं, दही त्याच दिवसाचं. वजन घसरायचं थांबलं. तरी दूध मात्र त्या घेईनात. पचेल हे पटलं होतं, तरीही नाही.

कारण तिसऱ्या भेटीत समजलं. काका औषधं आणायला खाली गेले होते. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मुलीला मी नाक दाबून दूध पाजायचे. रोज रात्री. रडायची, ओकायची, तरी पाजायचे. आता ती 32 ची आहे, पुण्याला असते. मीच तिला हे देऊन ठेवलं का हो?"

मी पाणी पुढे केलं आणि काही वेळ बोलले नाही. माझे ते अभ्यास, ते आकडे या प्रश्नाच्या आसपासही फिरकले नव्हते.

मग आम्ही मुलीबद्दल बोललो. या आजाराची खरी मोजलेली कारणं कोणती, ते सांगितलं: वाढतं वय, पाळी लवकर येणं आणि उशिरा जाणं, मूल न होणं किंवा पहिलं मूल तिशीनंतर होणं, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, बैठं आयुष्य, दारू. (गुजरातेत दारूबंदी असली तरी हा प्रश्न मी विचारतेच. काकू खुदकन हसल्या.) अंगावर पाजल्याने धोका कमी होतो, काकूंनी दोन्ही मुलांना दीड-दीड वर्ष पाजलं होतं. लहानपणच्या रात्रीच्या ग्लासाचं नाव या यादीत नाही. शंभरातल्या पाच ते दहाच रुग्णांमध्ये आजार आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होतो. तपासणी करायची का, ते डॉक्टर घरातला इतिहास पाहून ठरवतील. मुलीला मात्र सांगा, स्तन स्वतः नीट ओळखीचे ठेव, वेगळं काही वाटलं तर थांबू नकोस, आणि डॉक्टरांकडून तपासून घेत जा. सरकारी कार्यक्रमातही 30 ते 65 वयात दर पाच वर्षांनी ही तपासणी सांगितलेली आहे. काकूंनी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. मी बाहेर गेले.

केमो संपली, किरणं झाली, लेट्रोझोलची गोळी सुरू झाली. ही गोळी शरीरात इस्ट्रोजेन तयार होऊ देत नाही. कर्करोगासाठी चांगलं, हाडांसाठी नाही. डॉक्टरांनी हाडांची डेक्सा तपासणी करून घेतली आणि दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं, असं सांगितलं. ग्लासभर दुधात त्यातलं तीनशेच्या आसपास येतं. ज्यांना दूध नकोच त्यांना मी नाचणी, राजगिरा आणि गोळी यांचा हिशेब घालून देते, तसंही चालतं. काकूंपुढे दोन्ही वाटा ठेवल्या. "बघते," म्हणाल्या.

महिन्याभराने आल्या तेव्हा स्टीलचा डबा घेऊन. घरी लावलेलं दही.

"विरजण कुठून आणलंत?"

"शेजारच्या हंसाबेनकडून. मेळवण द्या म्हटलं." मग डब्याचं झाकण घट्ट दाबत त्या म्हणाल्या, "ती नवी नवरी म्हणून राहायला आली ना, तेव्हा मीच दिलं होतं तिला. आमच्या सासूबाईंचंच आहे ते. पहिल्या दिवशी जरा तार सुटली. काल लावलेलं बरं लागलंय, हे बघा."