धावताना टाचेला फोड येतात आणि बूट सैल वाटतात; लेस आणखी घट्ट बांधावी का?

केवळ लेस आवळल्याने हा त्रास सहसा थांबत नाही. उलट पायाच्या वरच्या भागावर दाब येऊन बोटे बधिर होऊ शकतात. टाच बुटात वर-खाली सरकत राहिली की हाड आतून हलते, वरची त्वचा मात्र मोज्याला धरून राहते, आणि या ओढाताणीत त्वचेचे थर सुटून मध्ये पाणी भरते. त्यामुळे टाच जागेवर धरून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

धावण्याच्या बहुतेक बुटांना घोट्याजवळ एक जादा छिद्र असते, जे अनेक जण रिकामेच सोडतात. लेस त्याच बाजूच्या या छिद्रात बाहेरून आत घालावी, म्हणजे दोन्हीकडे लहान फासे तयार होतात. मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवून खाली, टाचेच्या दिशेने ओढावे आणि नेहमीची गाठ मारावी. बोटांकडची लेस सैलसरच ठेवावी.

तरीही टाच निसटत असेल, तर बुटाचे माप किंवा घडणच पायाला जुळत नसावी. नवे बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, धावण्याचेच मोजे घालून पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून ते टाळावेत. एखादी जागा चुरचुरू लागताच थांबून तेथे चिकटपट्टी लावावी. मधुमेह असल्यास आलेला फोड स्वतः न फोडता डॉक्टरांना दाखवावा.