'सामाजिक व्यवस्था' की 'सामाजिक सुव्यवस्था'?

प्रश्न असा आहे : समाजशास्त्राच्या मराठी लेखनात 'सोशल ऑर्डर' या एकाच संकल्पनेसाठी कोठे 'सामाजिक व्यवस्था', तर कोठे 'सामाजिक सुव्यवस्था' असे लिहिलेले आढळते, हे शब्द समानार्थी मानावेत का, आणि 'सामाजिक स्थैर्य' त्याच अर्थाने चालेल का?

माझ्या मते हे तिन्ही शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. 'सुव्यवस्था' हा शब्द आपल्याकडे मुख्यतः 'कायदा व सुव्यवस्था' या जोडीतून रुळला आहे, आणि राज्यघटनेच्या मराठी पाठातही 'सार्वजनिक सुव्यवस्था' असाच प्रयोग आहे. तेथे 'सु' हा उपसर्ग शोभतो, कारण शासनाला इष्ट वाटणारी शांतता हाच तेथील विषय असतो. समाजशास्त्राचा प्रश्न मात्र त्याच्या आधीचा आहे. स्वार्थी माणसे एकमेकांच्या उरावर न बसता एकत्र नांदतात ती कशी, हा प्रश्न इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जने १६५१ मध्ये 'लेव्हायथन' या ग्रंथात मांडला आणि सार्वभौम सत्तेच्या धाकाशिवाय बेबंदशाहीच माजेल, असे उत्तर दिले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्सने १९३७ मध्ये हाच प्रश्न समाजशास्त्राच्या केंद्रस्थानी आणला, परंतु केवळ धाक पुरेसा नसून समाजाची मूल्ये माणसाच्या अंगी मुरलेली असतात म्हणून व्यवहार चालतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याआधी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९३ मध्ये समाज एकसंध राहण्याचे दोन प्रकार दाखवले होते : सारखेपणातून येणारी यांत्रिक एकता आणि श्रमविभागणीमुळे परस्परांवर विसंबून राहावे लागते त्यातून येणारी सेंद्रिय एकता.

या परंपरेतील लेखकाचे विचार मांडताना 'सुव्यवस्था' हा शब्द फारसा खटकत नाही, आणि माझ्या समजुतीने गोंधळाचे मूळही येथेच आहे. याउलट कार्ल मार्क्सच्या दृष्टीने जी घडी बसलेली दिसते ती उत्पादनाची साधने ज्यांच्या हाती आहेत त्यांच्या सोयीची असते. इटालियन मार्क्सवादी विचारवंत अंतोनिओ ग्राम्शीने त्यापुढे जाऊन दाखवले की ती घडी निव्वळ दंडुक्यावर टिकत नाही. सत्ताधारी वर्गाचे विचार इतरांनाही स्वाभाविक वाटू लागतात, आणि यालाच मराठीत 'धुरीणत्व' म्हटले जाते. अशा विवेचनात 'सुव्यवस्था' लिहिले, तर वादाचा निकाल शब्दानेच आधी लावून टाकल्यासारखे होते.

आपल्या समाजातील उदाहरण तर याहून बोलके आहे. जातिव्यवस्था इतकी शतके टिकली कशी, याचे जे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमतेच्या सिद्धांतातून दिले, त्याला स्थैर्याच्या कोणत्याही चर्चेत मानाचे स्थान मिळायला हवे. या उतरंडीत अगदी तळचा सोडला तर प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो. वरच्याविषयी राग असला तरी खालच्यावरचा आपला मान सोडवत नाही, आणि म्हणून पीडितांची एकजूट होत नाही. ही व्यवस्था होती, तिला विलक्षण स्थैर्यही होते. तिला 'सुव्यवस्था' म्हणण्यास मात्र माझी लेखणी धजणार नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गारफिंकेलने तर व्यवस्थेचा शोध रोजच्या बोलण्याचालण्यात घेतला. आपल्याच घरी काही वेळ भाडेकरूसारखे वागा, असे त्याने विद्यार्थ्यांना सांगितले. ते परवानगी मागू लागले, विचारल्याशिवाय बोलेनात, आणि घरचे चक्रावले, रागावलेदेखील. ज्या घरात आईला 'अगं' म्हणतात तेथे मुलाने अचानक 'अहो' सुरू केले, तर हेच घडेल. येथे इष्ट-अनिष्टाचा संबंधच नाही. परस्परांनी गृहीत धरलेला क्रम तेवढा उघडा पडतो.

'स्थैर्य' हा काळाशी निगडित गुण आहे. व्यवस्था असूनही ती अस्थिर असू शकते, आणि समाजशास्त्रज्ञ लुइस कोझरने १९५६ मध्ये दाखवल्याप्रमाणे मर्यादित संघर्षाने स्थैर्याला हातभारही लागतो. 'स्थिरता' आणि 'स्थैर्य' यांपैकी काहीही लिहावे. दोन्ही शुद्ध आहेत.

तेव्हा सिद्धांताच्या चर्चेत 'सामाजिक व्यवस्था' लिहावे आणि 'सुव्यवस्था' प्रशासनाच्या संदर्भासाठी राखून ठेवावा. पार्सन्सच्या 'सोशल सिस्टिम' या वेगळ्या संकल्पनेलाही 'व्यवस्था'च म्हटले की घोटाळा होतो, म्हणून तेथे 'सामाजिक प्रणाली' हा शब्द बरा.