सोयाबीन अनुदान आणि पीएम किसानचा हप्ता 'जमा' दाखवतो, पण खात्यात नाही. तलाठ्याला जाब विचारावा का?

नाही. शेजाऱ्याचे पैसे आले, तुमचे पोर्टलवर 'जमा' दिसतात, पासबुकात मात्र नाहीत आणि बँकवाले म्हणतात "आधार लिंक आहे", असं तुम्ही लिहिलंय. या शेवटच्या वाक्यातच सगळा घोळ आहे. आधार लिंक असणं वेगळं आणि आधार सीडिंग झालेलं असणं वेगळं. काउंटरवर हा फरक समजावून सांगत नाहीत, शेतकरी हेलपाटे घालतो आणि राग निघतो तलाठ्यावर.

झेरॉक्स घेऊन खात्याला आधार नंबर जोडला की झालं लिंक. तेवढ्याने केवायसी, म्हणजे बँकेची ओळख-पडताळणी, भागते. पीएम किसानचे 2000 रुपये मात्र आधार क्रमांकावर निघतात आणि तो क्रमांक आज कोणत्या बँकेकडे आहे हे एनपीसीआय या देशातल्या पेमेंट संस्थेच्या मॅपरवरून, म्हणजे कोणता आधार कोणत्या बँकेकडे याच्या यादीवरून, ठरतं. त्या यादीत बँकेची नोंद होणं म्हणजे सीडिंग. एका आधारला तिथे एकच बँक, सगळ्यात शेवटी सीडिंग केलेली. घरातल्या बाईने लाडकी बहीणसाठी पोस्टात खातं उघडलं, तर तिच्या नावावरच्या शेतीचा हप्ताही तिकडेच वळू शकतो. पैसे बुडत नाहीत, विसरलेल्या खात्यात पडून असतात.

म्हणून आधी मायआधार संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. तिथे दुसऱ्याच बँकेचं नाव दिसलं तर पहिल्यांदा त्या खात्याचं पासबुक भरून घ्या. हप्ते जुन्या बँकेतच हवे असतील तर तिथे सीडिंगचा संमती अर्ज द्या. या अर्जात 'नवीन सीडिंग' आणि 'दुसऱ्या बँकेतून या बँकेत' असे वेगवेगळे पर्याय असतात. तुम्हाला दुसरा हवा, आणि त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहावं लागतं. लोक पहिल्यावर टिक करतात आणि अर्ज अडकतो. पोच घ्या, शिक्क्यासकट. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा, तिथे बँक बदललेली दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका.

सोयाबीनचं वेगळं. खरीप 2023 चं ते अर्थसहाय्य हेक्टरी 5000, दोन हेक्टरपर्यंत, आणि 0.20 हेक्टरच्या आत सरसकट 1000 होतं. त्याला पीक पाहणीची नोंद लागायची, शिवाय कृषी सहायकाकडे संमतीपत्र आणि सातबाऱ्यावर सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांची ना हरकत. भाऊ पुण्याला, सही राहिली, की तुमचंही अडलं. शेजाऱ्याचा सातबारा एकट्याचा असेल तर त्याचं आधी येणारच, त्यात वशिला शोधू नका.

'तलाठ्याने पैसे खाल्ले' हे पारावर ऐकून ऐकून कान किटले. हे पैसे त्याच्या हातातून जातच नाहीत.

एक मात्र खरं, पीएम किसानच्या स्टेटसमध्ये तीन खुणा असतात: लँड सीडिंग, ई-केवायसी, आधार सीडिंग. लँड सीडिंगपुढे (म्हणजे जमिनीची नोंद योजनेला जोडलेली आहे का) 'नाही' असेल तर काम महसुलाचंच आहे. तुमच्या बाबतीत 'जमा' दाखवतंय म्हणजे ते नसावं, तरी बघून घ्या. 'नाही' दिसलंच तर सातबारा, आठ-अ आणि फेरफार घेऊन तहसीलला लेखी अर्ज द्या. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन खरेदीने नावावर झाली असेल तर पीएम किसान बसत नाही, वारसाने आली असेल तर बसतं. घरात कुणी आयकर भरत असेल तरीही नाही, आणि घर म्हणजे इथे नवरा, बायको, अठरा वर्षांखालची मुलं एवढंच. वडील वेगळे धरतात. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा हप्ता पीएम किसानच्याच यादीवरून निघतो, त्यामुळे इथे अडलं की तोही अडतो.