अकादमीत आधी थांबायला शिकवतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आपत्कालीन सेवेच्या स्वयंसेवक प्रशिक्षणासाठी निवड झाली आहे, निघायला तीन आठवडे आहेत, व्यायामाची सवय नाही, आणि ऐन वेळी हातपाय गळाले तर काय, ही धास्ती आहे. मी अशा निवासी अकादमीत आधी शिकायला गेले आणि नंतर काही वर्षं मदतनीस प्रशिक्षक म्हणून. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्यायामाचं आधी उरकते. तुम्ही किती जोरात पळता हे कोणी बघत नाही. पाठीवर ओझं घेऊन तासन्‌तास चालता आलं पाहिजे, आणि स्ट्रेचर उचलताना जोर कमरेवर न येता मांड्यांवर आला पाहिजे. रोज चाला, जिने चढा. बूट नवे घेणार असाल तर आजच घ्या आणि घरातही घालून वावरा. टाचेला फोड आला की पुढचे सगळे दिवस लक्ष शिकण्यात राहत नाही, टाचेत राहतं. आठाची गाठ आणि बोलाइन या दोन गाठी आधीच हातात बसवून घ्या. हातमोजे घालून जमल्या की डोळे मिटून बांधा.

खरी तयारी मात्र मनाची आहे. स्वयंसेवक व्हायला येणारा माणूस मुळातच धावून जाणारा असतो. अकादमी त्याला आधी थांबायला शिकवते, आणि तेच सगळ्यांना जड जातं. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत भूकंप झाला तेव्हा साध्या नागरिकांनी, हाती काही प्रशिक्षण नसताना, ८०० च्या वर लोकांना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. पण तसं करताना त्यांच्यातलेच सुमारे १०० जण गेले. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते, कारण त्या १०० जणांची तळमळ आपल्यासारखीच होती.

माझी स्वतःची चूक सांगते. रात्रीचा सराव होता, इमारत कोसळल्याचा देखावा, जखमींच्या भूमिकेत दुसरे स्वयंसेवक. दारातच एक मुलगा पाय धरून जीव तोडून ओरडत होता. मी त्याच्याजवळ बसले, धीर दिला, पट्टी बांधायला घेतली. प्रशिक्षक बाजूला उभे होते, काही बोलले नाहीत. सराव संपल्यावर त्यांनी मला चार पावलं पुढे नेलं. भिंतीला टेकून एक माणूस बसला होता, हनुवटी छातीवर पडलेली. त्याच्या खिशात चिठ्ठी होती: ‘मान सरळ केली तर श्वास सुरू होतो.’ माझी पट्टी नीट बसली होती, आणि तोवर हा माणूस सरावापुरता मेला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कोणाला आधी मदत हवी हे झटपट ठरवून जखमींची रंगांनुसार विभागणी करायची, ट्रायज म्हणजे हेच, आणि ते तुम्हाला पुन्हा पुन्हा करायला लावतील. ‘ज्यांना चालता येतंय त्यांनी इकडे या,’ अशी हाक द्यायची. जे आले ते हिरवे, म्हणजे थांबू शकणारे. उरलेल्यांत प्रत्येकाला मिनिटभराच्या आत तपासायचं. श्वास नसेल तर मान सरळ करून श्वासमार्ग मोकळा करायचा. तरीही नाही, तर मृत धरून काळी पट्टी लावून पुढे सरकायचं. श्वास परत आला तर लाल, म्हणजे सगळ्यात आधी मदत. श्वास मिनिटाला ३० च्या वर असेल, मनगटाला नाडी लागत नसेल किंवा साधी सूचना कळत नसेल, तरीही लाल. बाकीचे पिवळे, त्यांची पाळी लालनंतर. मध्ये थांबायचं ते फक्त श्वासमार्ग मोकळा करायला आणि वाहतं रक्त रोखायला. काळी पट्टी बांधून पुढे जाताना खोट्या जखमीसमोरही हात थरथरतात. तसं झालं तर त्यात वावगं काही नाही.

वायरलेसचं पटकन जमतं: बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. तुकडीची रचना समजून घ्यायला जास्त वेळ लागतो. एका प्रमुखाच्या हाताखाली तीन ते सात माणसं, पाच असली तर उत्तम. तुम्ही न सांगता कितीही चांगल्या कामासाठी बाजूला गेलात तरी तुकडीला जखमी सोडून तुम्हाला शोधावं लागतं.

आता तुमच्या धास्तीबद्दल. पहिल्या सरावात बहुतेक जण गोठतात, मीही गोठले होते. म्हणून तर क्रम पाठ करून घेतात: आधी स्वतःची सुरक्षितता, मग जोडीदार, मग जागा, मग जखमी. डोकं बंद पडलं तरी हात तो क्रम धरून चालतात. सीपीआरचंही, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबत राहण्याचंही, तसंच आहे. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटीमीटर खोल. दोन मिनिटांत दंड भरून येतात, तेव्हा हट्ट न करता जोडीदाराला जागा द्या.

दमा, गुडघेदुखी, उंचीची किंवा बंद जागेची भीती, जे असेल ते पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना सांगा. लपवलं तर नेमकं दोरावर लटकताना उघडं पडतं, आणि मग खाली उभ्या तिघांवर तुम्हाला उतरवण्याची वेळ येते. आधी सांगितलं तर तुम्हाला नोंदींचं किंवा संपर्काचं काम मिळेल. ते दुय्यम समजू नका. कुठली खोली तपासून झाली याची नोंद चुकली की शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

परत आल्यावर काही महिन्यांतच हात विसरायला लागतात. तेव्हा तुकडीतला एक जोडीदार तिथेच ठरवून या आणि दोघांच्या सरावाची पहिली तारीख निघायच्या आधी पक्की करा.