वाचाघाताच्या रुग्णाची बोधक्षमता तपासताना

आपण या कामात नवीन आहात, म्हणून मोजकेच सांगते. ‘मोका’ या बोधक्षमतेच्या (स्मरण, लक्ष, विचार यांच्या) चाचणीत ३० पैकी ८ गुण आले, एवढ्यावरून वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे बोलणे-समजणे बिघडलेल्या, रुग्णाची स्मरणशक्ती गेली असे कधीही लिहू नका, कारण त्या चाचणीतले बरेचसे प्रश्न भाषेवरच उभे आहेत.

आधी रुग्णाचे ‘हो-नाही’ पारखा: उत्तर ठाऊक असलेले प्रश्न उलटसुलट विचारा, कारण नुसती मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे, आणि नवख्यांची फसगत इथेच होते. एका आजोबांना ‘किल्ली’ हा शब्द सुचेना. किल्ली हातात देताच त्यांनी ती मनगट वळवून हवेत फिरवली. शब्द हरवला होता, वस्तूची ओळख शाबूत होती.

त्यानंतर,
- तोंडी उत्तराऐवजी चित्रावर बोट ठेवू द्या. ‘ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन’ ही पक्षाघाताच्या रुग्णांसाठीची बोधक्षमता चाचणी याच विचाराने बेतलेली आहे.
- चष्मा, श्रवणयंत्र, घरची बोली आणि लुळा उजवा हात आधी पाहा.

रुग्ण थकला, तर उरलेले उद्या करा.